कवायतीचे पाच रुपये

सन बत्तीसच्या मार्चात स्कूलबोर्डाचं एक पत्रक जिल्ह्यातल्या सगळ्या मराठी शाळांना गेलं. मंदीचे दिवस होते. धान्याला भाव नव्हता, त्यामुळे सरकारचा शेतसारा थकला होता आणि बोर्डाची तिजोरीही आटली होती. तेव्हा हरेक हेडमास्तराने आपल्या शाळेतला कोणता खर्च कमी करता येईल ते उलटटपाली कळवावं, असा हुकूम होता.

निफाडपासून तीन मैलांवर, कादवेच्या काठी वसलेल्या एका गावात रंगनाथमास्तर हेडमास्तर होते. पत्रक वाचून ते फारसे विचारात पडले नाहीत. चार इयत्ता, ऐंशी मुलं आणि दोन मास्तर. हाताखालचा मास्तर कमी केला तर शाळाच बंद करावी लागली असती. राहता राहिला कवायतमास्तरांचा भत्ता, महिना पाच रुपये. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'कवायतीवाचून या शाळेत मुलांच्या शिक्षणाचे काही अडेल असे वाटत नाही.' टीपकागद दाबला, पाकीट डाकेत टाकलं आणि ते ही गोष्ट विसरूनही गेले.

कवायतमास्तर म्हणजे सलाउद्दीनभाई. मूळचा धंदा पिंजाऱ्याचा. तरुणपणी पलटणीत भरती झाले, बसऱ्याकडच्या लढाईवर गेले आणि तोफांच्या आवाजाने उजवा कान गमावून घरी आले. थंडीच्या दिवसांत लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे, आणि बारा महिने रोज सकाळी शाळा भरायच्या आधी अर्धा तास शाळेमागच्या पडीक जागेत मुलांची कवायत घ्यायचे. ती जागा त्यांनीच दगडगोटे वेचून साफ केली होती. बाभळीचे डंबेल्स त्यांनीच घरी तासून आणले होते. लेझिमी घ्यायला बोर्डाकडून कधी पैसे आले नाहीत, म्हणून मुलं बांबूच्या काठ्यांवर लेझमीचे हात शिकायची. कवायत आटोपली की आट्यापाट्या नाहीतर हुतुतू. नऊ वर्षांत त्यांचा एक खाडा नव्हता.

त्या वेळी रंगनाथमास्तर आत बसून हजेरीपट आखत असत. मागच्या बाजूने मुलांचे आकडे ऐकू येत, धूळ खिडकीतून आत येई, आणि त्यांच्या मनात एवढंच येई की हे लवकर आटपावं आणि शाळा सुरू व्हावी.

जुलैत बोर्डाचा हुकूम आला. कवायतमास्तरांचा भत्ता एक तारखेपासून बंद. सलाउद्दीनभाईंना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून हुकूम रंगनाथमास्तरांनाच वाचून दाखवावा लागला. त्यांनी तो सरकारी आवाजात, एका दमात वाचला. सलाउद्दीनभाई डावा कान पुढे करून उभे होते. ऐकून झाल्यावर त्यांनी टेबलावरच्या टाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर लय चांगलं हाय. माझ्या नावानं बोर्डाला एक अर्ज लिहा."

नाही म्हणायला काही कारण सापडेना. रंगनाथमास्तर लिहायला बसले. सलाउद्दीनभाई सांगत होते आणि ते लिहीत होते: माझी तब्येत धडधाकट आहे, नऊ वर्षांत एक दिवसाची रजा घेतली नाही, पैसे कमी केले तरी चालेल पण काम बंद करू नये. खाली सलाउद्दीनभाईंनी उर्दूत सही केली. बाहेर पडताना ते मागे वळून म्हणाले, की पोरं आत्ता कुठं लायनीत उभं राहायला शिकली होती.

ते गेल्यावर रंगनाथमास्तरांनी अर्ज पुन्हा वाचला. मार्चातला कागद आणि हा कागद, दोन्ही एकाच हातचे. बोर्डाच्या कचेरीत दोन्ही एकाच फायलीत लागले की कुणीही ओळखील. त्यांनी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला आणि उद्या बघू असं स्वतःला सांगितलं. उद्याचे आठ दिवस झाले, आठाचे पंधरा. दर शनिवारी शाळा सुटायच्या वेळी सलाउद्दीनभाई दारात येऊन उभे राहत आणि उत्तर आलं का म्हणून विचारत. रंगनाथमास्तर मान न उचलता सांगत, की बोर्डाचं काम आहे, वेळ लागायचाच. सलाउद्दीनभाई मान हलवत आणि निघून जात. त्यांचा विश्वास होता, आणि तोच रंगनाथमास्तरांना जाचत होता.

श्रावण सरता सरता एका दुपारी कुसाबाई नावाची मजूर बाई आपल्या मुलीचं मनगट धरून शाळेत आली. मुलगी चिमणा, दुसरीतली. रंगनाथमास्तरांच्या लेखी ती वर्गातली सगळ्यात मंद पोर होती. पाढा म्हणायला उभी केली की पहिलंच अक्षर तिच्या ओठांवर अडकायचं, मान ताणली जायची, डोळे भरायचे. मुलं हसायला लागली की ते तिला खाली बसवायचे. पुढे पुढे त्यांनी तिला उभं करणंच सोडून दिलं होतं. गेला महिनाभर ती शाळेतही आली नव्हती, पण पेरणी-निंदणीच्या दिवसांत निम्मी मुलं येत नसत, म्हणून त्यांनी चौकशी केली नव्हती.

कुसाबाई म्हणाली, की हिचं नाव काढून टाका. त्यांनी कारण विचारलं.

"कवायत बंद झाली तव्हापासून ही यायलाच तयार नाय," कुसाबाई म्हणाली. "तिथं तेवढं बोलायची. घरात नाय, वर्गात नाय, तिथं बोलायची. आता ते बी नाय, तर इथं बसून काय करील?"

कवायतीत काय बोलायची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुसाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "आकडे तीच द्यायची की, मास्तर. सगळ्या शाळेला."

रंगनाथमास्तरांनी मुलीकडे पाहिलं. रोज सकाळी खिडकीतून येणारा तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. एक, दोन, तीन, चार. खणखणीत, न थांबणारा, ऐंशी मुलांना हलवणारा. चौथीतल्या कुणा दांडग्या मुलाचा असेल असं ते समजून चालले होते. आता ती मुलगी आईच्या लुगड्याआड उभी होती आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. चालीत, ठेक्यात, सगळ्यांबरोबर तिची जीभ सुटत होती. सलाउद्दीनभाईंना ते कधीच कळलं होतं. बारा वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ते भिंतीपलीकडून ऐकूनही कळलं नव्हतं.

त्यांनी कुसाबाईला हात जोडले. नाव काढत नाही, म्हणाले, मला थोडे दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी शाळा हाताखालच्या मास्तरांवर सोपवून, खणातला अर्ज कोटाच्या खिशात घालून ते निफाडला चालत गेले, गाडी धरून नाशिकरोडला उतरले आणि टांग्याने बोर्डाच्या कचेरीत पोचले. दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. साहेब वयस्क होते, सौम्य होते. त्यांनी फाईल मागवली, मार्चातला कागद वर काढला आणि त्याच्याशेजारी अर्ज ठेवला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"आणि अर्जाचं?"

"तेही माझंच."

साहेबांनी चष्मा काढला. मग यातलं खरं कोणतं मानायचं, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे उत्तर देणं आणखीच कठीण झालं.

"पहिलं मी न बघता लिहिलं," रंगनाथमास्तर म्हणाले. "दुसरं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. एक कागद द्याल तर तिसरं आता माझ्या मनानं लिहितो."

साहेबांनी कागद दिला. तिथेच, टेबलाच्या कडेला उभं राहून त्यांनी लिहिलं, की मार्चातला आपला अभिप्राय चुकीचा होता. कवायत बंद झाल्यापासून हजेरी घटली आहे. आणि शाळेत एक मुलगी बोलत होती ती बोलेनाशी झाली आहे. शेवटचं वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं. डिसेंबरअखेरपर्यंत बोर्डाकडे एक पै नाही, ते म्हणाले. पण गावाने निम्मा भार उचलला, तर उरलेला निम्मा जानेवारीपासून मी मंजूर करवून घेतो.

गावी परतले तेव्हा दिवस मावळतीला आला होता. घरी न जाता ते तडक सलाउद्दीनभाईंकडे गेले. ओसरीवर सलाउद्दीनभाई घरच्याच एका जुन्या रजईचा कापूस पिंजत बसले होते. सगळ्या ओसरीभर कापसाचे तंतू उडत होते, त्यांच्या दाढीवर, खांद्यावर बसत होते. रंगनाथमास्तर जाऊन शेजारी टेकले आणि, मनाचा हिय्या करून, खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं: मार्चातला कागद, खणात पडून राहिलेला अर्ज, दर शनिवारचं खोटं.

सलाउद्दीनभाईंनी हात थांबवला. "काय म्हनलात? इकडून बसा, त्या कानानं ऐकू येत नाय."

रंगनाथमास्तर उठले, दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, आणि सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं. दारात सलाउद्दीनभाईंची बायको, आबिदाबी, उभी होती. तिनेही ते ऐकलं.

सलाउद्दीनभाई हातातल्या पिंजायच्या धनुकलीची तात बोटाने चाचपत होते. मग शांतपणे म्हणाले, "नऊ वर्सांत एकदा तरी भायेर येऊन बघायचं व्हतं, मास्तर."

एवढंच. आबिदाबीने चहा आणून ठेवला. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत ती म्हणाली, की लांबून चालत आलात, प्या. रंगनाथमास्तरांनी तो प्यायला. उठताना ते एवढंच म्हणाले, की निम्मे पैसे बोर्ड देणार आहे, निम्मे मी उभे करतो, पुढं तुमची मर्जी. सलाउद्दीनभाईंनी धनुकली पुन्हा हाती घेतली होती.

पैसे मागायची रंगनाथमास्तरांना सवय नव्हती. तरी ते जत्रेच्या पंचांतले खंडेराव यांच्या मळ्यावर गेले. मार्गशीर्षात खंडोबाच्या जत्रेला गावात कुस्त्या होत, आणि इनामाची थैली खंडेरावांच्या ताब्यात असे. खंडेराव स्वतः जुने पैलवान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, की आखाड्यात उतरणारी पोरं काय आकाशातून पडत नाहीत, तुमच्या शाळेतूनच यायची ती. थैलीतून सालाला तीस रुपये शाळेला देऊ, पण एका अटीवर: कुस्त्यांच्या आधी आखाड्यात मुलांनी कवायत करून दाखवायची.

ही अट सांगायला रंगनाथमास्तर पुन्हा सलाउद्दीनभाईंकडे गेले. ते घरी नव्हते. आबिदाबीला निरोप सांगून ते परतले. चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते हजेरीपट उघडून बसले होते, तेवढ्यात मागच्या बाजूने काठ्यांचा आवाज आला. त्यांनी टाक खाली ठेवला आणि बाहेर गेले. पंधरा-वीस मुलं ओळीत उभी होती. सलाउद्दीनभाई त्यांचे खांदे सरळ करत फिरत होते. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि मानेनेच कडेला एक दगड दाखवला. रंगनाथमास्तर त्या दगडावर बसले आणि शाळा भरेपर्यंत उठले नाहीत.

चिमणा दुसऱ्या दिवसापासून आली. वर्गात तिचं अडखळणं काही एकदम थांबलं नाही. काही शब्द तिला पुढेही अडवतच राहिले. पण आता पाढे म्हणायला उभी राहिली की ती जागच्या जागी पावलं टाकायची, आणि रंगनाथमास्तर तिला टाकू द्यायचे. बेचा पाढा तिने तसा पुरा केला त्या दिवशी वर्गात कुणी हसलं नाही. मास्तरांनी तशी ताकीद दिली होती हे खरं, पण तिची गरज लागली नाही.

जत्रेत आखाड्याभोवती पाच गावचे लोक जमले होते. पैलवान लंगोट कसून ताटकळत उभे होते आणि मधल्या लाल मातीत ऐंशीच्या ऐंशी मुलं ओळी करून उभी होती. सलाउद्दीनभाईंनी पलटणीतला जुना खाकी कोट घातला होता. त्यांनी हात वर केला आणि पहिल्या ओळीतून चिमणाचा आवाज उठला. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी विचारलं, की ही कुणाची गं एवढीशी पोर. कुसाबाईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "माझी हाय."

खंडेरावांनी कुस्त्यांच्या आधीच तीस रुपये सगळ्यांसमोर सलाउद्दीनभाईंच्या हातात ठेवले. त्यांनी ते तिथल्या तिथे रंगनाथमास्तरांकडे दिले आणि सांगितलं, की बोर्डाचे महिन्याला अडीच रुपये येतील त्यात या साली माझं भागेल, थंडीत पिंजायचं काम बी हाय. ह्या पैशात पोरांना खऱ्या लेझिमी आणा. रंगनाथमास्तरांनी खूप समजावलं, पण ते ऐकेनात. शेवटी पुढच्या रविवारी दोघे मिळून नाशिकला गेले. बाजारात दुकानदाराने दाखवलेली हरेक लेझीम सलाउद्दीनभाईंनी हातात घेतली आणि डाव्या कानाशी वाजवून पाहिली. ज्यांचा नाद त्यांना आवडला नाही त्या त्यांनी परत ठेवल्या. रंगनाथमास्तर घाई न करता शेजारी उभे होते, आणि निवडलेल्या लेझिमी एकेक करून हातावर घेत होते.