चेंगराचेंगरी

“चेंगराचेंगरी?” आत्याने हातातला भाषणाचा कागद टेबलावर आपटला. “अरे, तुझ्या बापाला गोळी लागली होती. पाठीत!”

भाच्याने नजर चुकवली. साहेबांची भाषणं तोच लिहायचा.

“हळू बोल, आत्या. साहेब बाहेरच बसलेत. इतक्या वर्षांनी स्मारक होतंय, दगडावर बाबांचं नाव आलंय. एका शब्दापायी सगळ्यावर पाणी फिरवू नकोस.”

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. संपकऱ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा ती सरकारी इस्पितळात नर्स होती. खाटा संपल्या, मग माणसं फरशीवर निजवली. एकाच्या तोंडावरची चादर तिने सरकवली, तर खाली तिचा सख्खा भाऊ. रडायलाही सवड नव्हती. शेजारचा अजून जिवंत होता. पुढे भावाचं आईविना पोर तिनेच पोटच्या पोरासारखं वाढवलं.

“साहेबांचे वडील तेव्हा गृहमंत्री होते, म्हणून माणसं चेंगरून मेली होय रे?”

“मला नोकरी टिकवायचीये, आत्या. तू वर जा, दोन शब्दांत आभार मान आणि खाली ये. माझ्यासाठी.”

आत्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा दुखरे गुडघे सांभाळत ती मंचावर चढली. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि माइक स्वतः तिच्यापुढे धरला.

“माझा भाऊ चेंगरून मेला नाही,” ती म्हणाली. “पळणाऱ्या माणसांवर पोलिसांनी—”

माइक बंद पडला. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभरही ढळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पाठोपाठ पहिली रांग, मग सगळा मंडप. मागच्यांना धड ऐकूच आलं नव्हतं. साहेब टाळ्या वाजवतायत म्हणजे म्हातारी चांगलंच बोलली असणार!

आत्या थांबली नाही. घशाच्या शिरा ताणून ती सांगत राहिली: कुणाच्या मानेत गोळी होती, कुणाच्या मांडीत, पाणी मागत कोण गेलं. तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता.

पायऱ्यांपाशी भाचा उभा होता. मान खाली घालून तोही टाळ्या वाजवत होता.

तिने सगळं सांगून संपवलं. मग ती वळली. भाच्याने टाळ्या थांबवून हात पुढे केला. तिने कठडा धरला आणि एकेक पायरी उतरत खाली आली.