उशीवालीचा अभ्रा

मी एक जुने वॉशिंग मशीन आहे. माझे काचेचे दार पिवळसर पडले आहे, आणि फिरायला लागले की मी अख्खे घर डोक्यावर घेते. दुरुस्तीवाले काका दर वेळी म्हणतात, "मावशी, याला आता भंगारात द्या." मावशी नुसत्या हसतात आणि माझ्यावरून फडके फिरवतात.

मित्रांनो, आमच्या मावशी कोणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत. एखाद्या मुलाच्या आईवडिलांवर आजारपण किंवा दुसरे संकट कोसळले आणि हाताशी नातेवाईक नसले, की ते आपले मूल काही आठवडे मावशींकडे विश्वासाने सोपवतात. सावरले की घेऊन जातात. हे काम मावशींनी आपणहून पत्करले आहे.

आलेल्या मुलाचे सगळे कपडे पहिल्याच दिवशी धुवायचे, हा त्यांचा शिरस्ता. "स्वच्छ कपडे घातले की मूल निम्मं रुळतं," असे त्या म्हणत. मलाही ते पटे. चिखल, शाई, सांडलेले औषध, मी कशालाच भीक घातली नाही. त्याचा मला भारी तोरा होता.

मग उशीवाली आली. जेमतेम पाच वर्षांची. तिची आई मोठ्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल झाली होती आणि घरात तिसरे माणूस नव्हते. पोरीने आईची उशी छातीशी कवटाळली होती. ती आंघोळीला गेली तेवढ्यात मावशींनी उशीचा मळका अभ्रा काढून माझ्या पोटात टाकला.

ती परत आली तेव्हा अभ्रा काचेमागे गरगरत होता. ती रडली नाही. माझ्यासमोर फरशीवर बसून पाहत राहिली. अभ्रा वाळल्यावर तिने तो नाकाला लावला आणि खाली टाकला.

"यात आई होती," ती म्हणाली. "आता नाहीये."

त्यानंतर तीन दिवस ती धड जेवली नाही, कोणाशी बोलली नाही. आई आता येणारच नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. मला माझ्या स्वच्छतेची लाज वाटली.

चौथ्या दिवशी मावशी तिच्याजवळ फरशीवर बसल्या. "चुकलंच माझं. तुला विचारायला हवं होतं गं." मग अभ्रा पिशवीत घालून त्या इस्पितळात गेल्या. आईने दोन दिवस तो आपल्या उशीला घातला. परत आला तेव्हा त्याला औषधांचाही वास होता. उशीवालीने त्यात नाक खुपसले. बराच वेळ हुंगले.

"आहे," ती म्हणाली. त्या दुपारी ती पोटभर जेवली.

पाच आठवडे अभ्रा मळत राहिला. मावशींनी त्याला हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला मळलेले कापड बघून बरे वाटत होते.

मग एका सकाळी आई आली. वाळून काटकी झाली होती, पण स्वतःच्या पायांनी जिना चढून आली. उशीवाली तिला बिलगली ती सुटेचना. आई ओशाळून म्हणाली, "अगंबाई, किती कळकट झालाय हा अभ्रा! ताई, द्या, घरी नेऊन धुते."

तेव्हा उशीवालीने स्वतःच अभ्रा ओढून काढला, माझे दार उघडले आणि तो आत कोंबला. "धू आता," ती मला म्हणाली. "आई आलीये."

मित्रांनो, आमच्या घरचा शिरस्ता आता बदलला आहे. नवे मूल आले की मावशी आधी विचारतात, "यातलं काय धुवायचं नाही?" तुमच्याकडे असे मूल कधी आले, तर तुम्हीही विचारा. ते गप्प राहिले, तर थांबा. माझ्यासारखे खडखडणारे मशीन थांबायला शिकले, तुम्हालाही जमेल.