पाहुण्यांचे डबे

लग्नाला वर्ष होत आलं, तरी आमचा संसार लॅपटॉपच्या पडद्यावरच चालला होता. मी यावलला शाळेत शिकवते, नवरा योगेंद्र दूर नरडाण्याच्या कंपनीत. शनिवारी पॅसेंजर आणि बस धरून यायचं, रविवारी संध्याकाळी परत जायचं, हा त्याचा नेम. एरवी आम्ही दोघं मिळून एक खेळ खेळायचो. भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, तळाशी दडवलेलं रत्न वर आणायचं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आमचा वीर एकच, नाव झुलाल. दुपारी त्याला मी चालवायचे, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर योगेंद्र. आणि झुलाल मेला की मेला, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

योगेंद्रचा खाक्या एकच, मारलं की खाल्लं. शिळंपाकं खाऊन त्याने झुलालला दोनदा मरणाच्या दारात नेलं होतं. मग मला भुयारात डबे बंद करायचं यंत्र सापडलं. मारलेला प्राणी त्यात घातला की डबा तयार, आणि तो कधी नासत नाही. मी सपाटाच लावला.

एका दुपारी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं, बोलणं अस्सल अहिराणी.

"काय करी राह्यनी व?"

मी समजावलं. माणूस भुयारात, पिशवीत खाऊ, सगळं डबाबंद. त्यांना फार पटलं.

"मंग बठ्ठं त्यालेच खाऊ देशी? पाव्हना उना ते काय देशी?"

पाहुणा आला तर त्याच्यासाठी राखून ठेवलेलं हवंच, या घरचा कायदाच तो. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातल्या की अख्ख्या बिबड्या पाहुण्यांच्या डब्यात, वरच्या फळीवर. तुटलेले तुकडे घरच्यांना. योगेंद्र लहानपणापासून तुकड्यांवरच वाढला. मला गंमत वाटली. खेळात वस्तूंना नावं देता यायची, म्हणून मी सगळ्या चांगल्या डब्यांना नाव दिलं, 'पाहुण्यांसाठी'. सासूबाई खूश.

त्याच आठवड्यात योगेंद्रला जळगावच्या एका कारखान्याने नोकरीला बोलावलं. यावलहून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. पण नरडाण्यात बढती दिसत होती, त्यामुळे माझ्या प्रत्येक फोनला त्याचं एकच उत्तर, "बघू". जळगावकरांना रविवारपर्यंत कळवायचं होतं. मी विचारून विचारून थकले आणि मग विचारणंच सोडलं.

शनिवारी तो आला तो तोंड पाडून.

"झुलाल गेला."

"कशाने?"

"उपाशी."

माझं डोकंच फिरलं. चिडले की मी सासूबाईंसमोरही त्याला अरे-तुरे करते. "उपाशी? अरे, पिशवीत डबे भरून ठेवले होते मी!"

"साधे होते ते संपले. बाकीच्यांवर तू पाहुण्यांसाठी लिहिलं होतंस."

"म्हणून उघडले नाहीस? त्या भुयारात कोण पाहुणा येणार होता रे?"

"ते नाही सुचलं," तो म्हणाला. "हातच गेला नाही."

मला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनी मात्र ते फार मनाला लावून घेतलं. आपल्या एका शब्दापायी कुणीतरी भुकेने मेलं, मग ते खेळात का असेना.

रविवारी दुपारी जेवायला बसलो, तर सासूबाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढताहेत. त्यांनी बिबड्या भाजल्या, वर तेल आणि तिखट लावलं, आणि योगेंद्रच्या ताटात ठेवल्या. अख्ख्या, गोल, कुठेही चीर नाही.

योगेंद्रने दाराकडे पाहिलं. "आज कोन पाव्हना उना?"

"कोनीच नही. तूच उना ना." त्या अगदी मायेने म्हणाल्या. "शनवारले येस, आइतवारले जास. पाव्हनाच शेस ना आते. खाय."

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. मी वर्षभरात मारलेल्या सगळ्या टोमण्यांनी जे झालं नाही, ते त्या बिबडीने केलं. योगेंद्रने बोट लावलं आणि मागे घेतलं. मग त्याने ताट आईकडे सरकवलं.

"आई, माले तुकडाच दे."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी अख्ख्या बिबड्या काढून माझ्या ताटात घातल्या.

"मलाही तुकडेच," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि तुकड्यांचा डबा घेऊन आल्या. योगेंद्रने मूठभर तुकडे तोंडात कोंबले आणि डाव्या हाताने फोन उचलला. जळगावच्या माणसाला, "हो, येतो मी," एवढं वाक्य त्याला दोनदा सांगावं लागलं, कारण तोंड भरलेलं होतं.

भाजलेल्या अख्ख्या बिबड्या सासूबाईंनी शेजारच्या भिकुबाईंकडे पाठवून दिल्या.