दोन मशीन, एक माणूस

"या सगळ्यात मी कुठे आहे गं?" चष्मा कपाळावर सरकवत बाबांनी लेकीच्या आकडेमोडीच्या कागदात डोकावलं.

"हे अक्षर दिसतंय? दुरुस्तीचा वेग. हे तुम्ही."

"एवढासाच? आणि आजारी पडायची सोय?"

"ती नाही ठेवली. मशीन बिघडतात, दुरुस्त करणारा बिघडत नाही, असं धरलंय. बहुतेक सगळे तसंच धरतात."

"बघ, आपली पोरगी काय म्हणते," बाबा ओट्याकडे बघून म्हणाले.

आई वळलीही नाही. "म्हणू दे. छाती उघडून शिवलेला माणूस शिडीवर चढतो, ते मी बघतेच आहे."

बापलेकीची नोकरी एकाच इस्पितळात. तळघरात दोन मोठे संगणक होते. एक बंद पडला की सगळ्या वॉर्डांचा भार दुसऱ्यावर. पहिला चालू होण्याआधी दुसराही बसण्याची शक्यता किती, हे लेक वर कार्यालयात बसून काढायची. उत्तर नेहमी नगण्य यायचं, कारण बाबांचा हात जलद होता.

तेवढ्यात फोन आला. एक मशीन बसलं होतं. बाबांनी उरलेला चहा उभ्यानंच संपवला. बूट घालताना त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली, आणि जरा वेळ धरूनच ठेवली. तिनं ते पाहिलं. ओठांवर आलेलं गिळून ती म्हणाली, "लवकर उरका, नाहीतर दुसरं रुसेल."

"त्याला माझा धाक आहे," बाबा म्हणाले आणि गेले.

दुपारी मशीन चालू करून बाबा भिंतीला टेकून स्टुलावर बसले, ते पुन्हा उठले नाहीत. डुलकी लागली असेल, असं येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं. हृदयरोग विभाग दोनच मजले वर होता.

महिनाअखेरच्या बैठकीत साहेब म्हणाले, "सेवा क्षणभरही खंडित झाली नाही. तुमचा अंदाज अचूक निघाला." मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "नवीन माणूस घेतलाय. वेग थोडा कमी धरा."

तिनं तेवढा एकच आकडा बदलला. उत्तर बिघडलं, पण चालण्यासारखं होतं. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून ती जिना उतरली.

नवीन माणूस जेवायला गेला होता. दोन्ही मशीन एका सुरात घुमत होती. बाबांनी शेवटचं उघडलेलं मशीन कुठलं, हे तिला ओळखता येईना. ती दोन्हींच्या मधे उभी राहिली.

"बंद राहू दे ते, बाबा," ती म्हणाली. "आज जाऊ नका. मला भीती वाटतेय."