नावं न ठेवायची पैज

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा बाक आहे, देऊळघाटच्या विहारासमोरचा, अन् मी पार वैतागलेलो आहे. आज सकाळीच माह्या अंगावर बसून कचरूनं पैज मारली.

कचरू आमच्या गल्लीतला शिंपी. दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर करून परवाच आला. "आता मी कोणालेच नावं ठेवत नाही. दिसते ते नुस्तं पाहतो," म्हणे.

समोरच्या ओट्यावर भाजी निवडणारी सिंधूताई फिसकन हसली. "तुम्ही, कचरूभाऊ? तुम्ही तं म्हशीच्या चालीलेही नावं ठेवता!"

"लाव पैज! विहारातल्या संध्याकाळच्या वंदनेपर्यंत तुह्या ओट्यावर बसतो. एक जरी नाव ठेवलं तं विहाराच्या दारातल्या साऱ्या चपला पुसीन, गावासमोर."

"हाव. तुम्ही जितले तं मी पुसीन."

मले नांदुऱ्याले साच्यात ओतलं, त्याले बारा वर्षं झाली. ट्रॅक्टरमधून उतरलो तवा पोरं माह्यावर बसायले भांडायची. "काय गुळगुळीत बाक आहे!" म्हणायची. आता एक पाय खचला, खाली विटेचा तुकडा आहे. तंबाखूवाले चुन्याची बोटं मलेच पुसतात. तेही सोसलं असतं हो! पण बसणारे बोलतात काय? ह्याचा शर्ट, त्याचं पोट, तिची सून. बारा वर्षं तेच ते! सिमेंटचा आहो म्हणून टिकलो.

तर कचरू ओट्यावर बसला. "सहदेव चालला. लुंगी निळी. म्हैस. काळी." दुपारपर्यंत गडी जितून राह्यला होता.

मग त्याची सून समता आली. लग्नाले चारच महिने झालेले. घरात बोलत नाही, म्हणून कचरू तिले घमेंडी समजे. रोज या वक्ताले येते, गल्लीकडे पाठ करून माह्यावर बसते. कानात फोनची वायर, ओठ हालतात. गल्लीनं ठरवूनच टाकलं, की कोण्या गड्याशी बोलते. मले खरं माहीत होतं, पण बाकाले कोण विचारते?

कचरूचा तोल गेला. "पाह्य, सिंधूताई! लाज सोडली इनं. उद्याच माहेरी नेऊन घालतो!"

"हारले!" सिंधूताईनं टाळी वाजवली. मग तिचं हसू गेलं. "एका पोरीचा संसार मोडून राह्यले तुम्ही, भाऊ. आता तरी नुस्तं पाहा. काय दिसते?"

"सून दिसते. वायर दिसते." कचरूनं डोळे बारीक केले. "वायरीचं टोक बाकाच्या कडेनं लोंबते... फोन कुठी आहे मंग?"

फोन नव्हताच. तो उठून जवळ आला. समताच्या मांडीवर, पदराखाली, विहारातला ग्रंथ होता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी एकजण तो मोठ्यानं वाचते, अन् आज पाळी समताची होती.

"क... क... करुणा," ती घोकत होती. सासऱ्याले पाहून दचकली. "म... मामाजी!"

"वायर काऊन लावली, पोरी?"

"न... नाही तं लोक म्हनतीन, य... येडी एकटीच बडबडते."

कचरू माह्या दुसऱ्या टोकाले बसला. मित्रांनो, बारा वर्षांत माह्यावर कोणी असं गप बसलं नव्हतं! माही पॉलिश करू नका, पाय दुरुस्त करू नका. पण बसाल तवा कोणाचा निकाल लावायच्या आधी एकदा तरी धड पाहत जा. एवढं काय जड आहे?

संध्याकाळी विहार भरला. समता माईकसमोर वाचायले लागली. दारात कचरू, हातात शिलाईच्या चिंध्या, पुढं चाळीसेक चपला. पोरं खिदळत होती. अन् समता अडकली. "क... क..." सारे थांबले. कचरूचा हातही थांबला. आतून कोणी शब्द पुरवला नाही, त्यानंही नाही. मग तो शब्द निघाला, पुरा, स्वच्छ. वाचन पुढं चाललं.

सिंधूताईनं आपली चप्पल त्याच्यापुढं सरकवली. "ही राह्यली, कचरूभाऊ."

कचरूनं ती उलटी केली. चांगलंच भरलं होतं.

"चप्पल. शेण," तो म्हणाला, अन् पुसायले लागला.