साडेतीनशे कशाचे?

नानकटाई जळाली याचं मुक्ताबाईंना वाईट वाटलं होतं, पण संताप आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. सून निशा आतल्या खोलीत फोनवर बोलत होती आणि दार लोटायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. पलीकडे तिच्या मुलीच्या, उत्कर्षाच्या, होणाऱ्या सासूबाई होत्या.

"अहो, आईंना आकडा नीट वाचता आला नाही. उतारवयात अक्षरं गिरवलेली, चालायचंच. रुखवताची नानकटाई आम्ही विकतच आणू."

कोथरूड गावठाणातल्या त्यांच्या भावकीत लग्न कुणाचंही असो, रुखवतावर नानकटाई मुक्ताबाईंच्या हातची. पीठ घरी मळायचं, डबा भरून बेकरीत न्यायचा आणि भट्टीतून भाजून आणायचा, ही रीत. यंदा बेकरी पाडून तिथे इमारत उभी राहत होती. तेव्हा घरातला ओव्हन वापरायचं ठरलं. निशा त्यात पाव कडक करण्यापलीकडे काही करत नसे. तिने अमेरिकेतल्या सलोनी नावाच्या मैत्रिणीला विचारलं आणि तिने कळवलेलं सासूसाठी मोठ्या मराठी अक्षरात कागदावर उतरवलं: ३५० वर वीस मिनिटे.

सकाळी निशा कामावर गेल्यावर मुक्ताबाईंनी बटण फिरवलं, तर ते अडीचशेलाच अडलं. त्यांना वाटलं, यंत्राची ताकदच तेवढी. चुलीत जाळ कमी असला की आपण भांडं जास्त वेळ ठेवतो, तसंच इथे. त्यांनी बटण शेवटाला नेलं आणि वेळ वाढवून दिला. दार उघडलं तेव्हा आत कोळसे होते.

फोन ठेवून निशा बाहेर आली. सासूचा चेहरा पाहून म्हणाली, "जाऊ द्या आई, होतं असं."

या वाक्याने मुक्ताबाई जास्तच पेटल्या. "काय होतं? कागद घे. काय लिवलंय, वाच."

"साडेतीनशे."

"मी काय वाचलं मग? सव्वातीनशे?"

निशा म्हणाली, बटणावर तेवढा आकडाच नव्हता, तर एक फोन करून विचारायचं होतं.

"इचारलं असतं. मग तू काय म्हणली असतीस? आत्ता इहीणबाईंना म्हणलीस, तेच."

निशाने सलोनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तोवर उत्कर्षाही स्वयंपाकघरात आली होती. जळल्याचं ऐकून सलोनी आधी मनसोक्त हसली.

"अगं, पुढे एफ लिहिला होता ना मी? फॅरनहाइट. आमच्याकडचे ओव्हन त्याच मापाचे. तुमचा सेल्सिअसचा असणार."

उत्कर्षाने तिथेच हिशेब केला. बत्तीस वजा करायचे, उरलेल्याला पाचाने गुणून नवाने भागायचं. पावणेदोनशेच्या जरा वर येत होतं.

"पण आई, कागदावर एफ कुठेय?"

निशा हळूच म्हणाली, "मीच गाळला. आजींना इंग्रजी येत नाही, उगीच त्यांचा गोंधळ नको म्हणून."

मुक्ताबाईंनी तोंड उघडलं ते थांबेचना. शेराचा किलो झाला तेव्हा गावातला वाणीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगत होता, शेर हवा की किलो. नुसतं 'पाच द्या' म्हटलं तर माणूस विचारतो, पाच काय? आणि शिकलेली सून नुसता आकडा लिहून देते, वर शिक्का मारते म्हातारीच्या वाचण्यावर!

"माझं बी चुकलं. बटण अडलं तवाच थांबायला पायजे होतं. ते मी कुणालाबी सांगेन. पण मला वाचता येत न्हाई, हे खोटं हाय. जिथं बोललीस तिथंच ते मागं घे."

निशाने विहीणबाईंना पुन्हा फोन लावला. मुक्ताबाई ओट्याला टेकून समोरच उभ्या राहिल्या. निशा म्हणाली, "अहो, मघाचं ते... ओव्हनचा जरा घोटाळा झाला होता."

"ओव्हनचा न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "कुणाचा, ते सांग."

निशाचा चेहरा लाल झाला. "माझा घोटाळा झाला. आईंनी आकडा बरोबर वाचला होता. तो कशाचा, ते मीच लिहिलं नव्हतं."

विहीणबाईंनी विचारलं, मग नानकटाई विकतच आणणार का. निशाने सासूकडे पाहिलं. मुक्ताबाई मैद्याचा डबा काढत होत्या आणि तो त्यांनी ओट्यावर असा आदळला की पलीकडे ऐकू गेला असावा.

"नाही," निशा म्हणाली. "घरचीच."