तळव्यानं धर

तात्यांनी लेथचा चक, म्हणजे रिंग धरणारी पकड, सैल केला, रिंग तपासणीच्या टेबलावर ठेवली आणि गोलाई मापणाऱ्या डायलखाली फिरवली. सुई तीन ठिकाणी उसळली.

"गेली. दुसरीपण गेली," तात्या म्हणाले. "पकडीत होती तोवर कशी शहाण्यासारखी गोल होती!"

पलीकडे साहेब उभे होते. त्यांनी रिंगकडे पाहिलं, मग तिचं ड्रॉइंग करणाऱ्या मुलीकडे.

"धातूचा आता एकच तुकडा उरलाय. आज जमलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून ड्रॉइंग, प्रोग्राम सगळं बाहेरून करून घेऊ. मग तुझ्या टेबलाचं काय..." पुढचं त्यांनी गिळलं.

साहेब गेल्यावर तात्या हळूच म्हणाले, "पडद्यावर सगळंच गोल असतं गं बाई. धातूला कुठे वाचता येतं?"

टेबलाशी येऊन तिने पडद्यावरची रिंग फिरवली. रिंग बरोबर, हत्याराची वाट बरोबर. रिंग आवळून धरणारे चकाचे तीन जबडे? ते तिने काढलेच नव्हते. कसं कापायचं याचा काथ्याकूट केला होता, कसं धरायचं ते तात्यांच्या सवयीवर सोडलं होतं. आणि तात्यांची सवय म्हणजे आवळा, अजून आवळा.

सकाळी वहिनीचं तान्हं तिने उचललं, तेव्हा वहिनी ओरडलीच होती, "अगं, बोटं नको रुतवूस! तळव्यानं धर."

तिने स्वतःचा तळवा उघडून पाहिला आणि माऊस हातात घेतला.

दुपारी तिच्या नव्या ड्रॉइंगवरून मऊ अ‍ॅल्युमिनियमचे तीन रुंद जबडे तात्यांनीच कापले. मिटले की ते रिंगला चहूकडून कवेत घेत.

"हे जबडे आहेत की पाळणा?"

"पाळणाच समजा. आणि तात्या, दाब निम्मा ठेवायचा."

"निम्मा? आणि सुटून माझ्या कपाळावर बसली तर?"

"काप हलका ठेवलाय. मी शेजारीच उभी राहते."

तात्यांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. मग दाब कमी केला.

केसासारखा बारीक कीस निघत राहिला. यंत्र थांबलं. पकडीतल्या मापावर आता कोणाचाच भरवसा नव्हता. तात्या बाजूला झाले.

"तूच सोड."

तिने ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं आणि चक उघडायचं पेडल दाबलं. रिंग अलगद तिच्या हातात आली. डायलखाली ती फिरू लागली. एक वळसा, दुसरा वळसा. झोपलेल्या लेकराच्या पापणीइतकी सुई हलली, तेवढीच.

साहेबांनी येऊन स्वतः पुन्हा फिरवून पाहिली. "उरलेल्या रिंगांचा धातू मागवतो," ते म्हणाले. "त्या जबड्यांचं ड्रॉइंग मला दे... नको. तुझ्याच टेबलावर असू दे."

"झाली रे गोल!" तात्या ओरडले. कोणीतरी पान्याने नळी बडवली आणि सगळी शेड दणाणली.

या शेडची एक रीत होती. नवे जबडे कामाला आले की त्यांवर करणाऱ्याची खूण ठोकायची. फळीवरच्या जुन्या जबड्यांवर सगळीकडे तात्यांची खूण, चांदणीच होती. त्यांनी ठिपके ठोकायचा पंच आणि हातोडी घेतली. हेही कापले त्यांनीच, तिला वाटलं, चांदणीच पडणार.

तात्यांनी हातोडी तिच्यापुढे धरली.

"तुझी खूण काय?"

तिला खूण नव्हतीच. क्षणभर थांबून तिने पाच ठिपके कमानीत ठोकले आणि त्यांच्याखाली एक खोल, मोठा.

तात्या खुणेवर वाकले. मग आपला तेलकट हात उताणा करून त्या खुणेशेजारी धरला, आणि मोठ्याने हसले.